व्यवसायनीती आणि जागतिक अर्थकारण शिकवताना माहितीपट कसा निवडावा?

सर, तुमचा प्रश्न मला समजला तो असा. टी.वाय.बी.कॉम.चे 'बिझनेस एथिक्स' आणि 'ग्लोबल इकॉनॉमी' हे दोन्ही पेपर यंदा तुमच्याकडे आलेत. वर्ग मोठा, तास पन्नास मिनिटांचा, बहुतेक मुलं मराठी माध्यमातून आलेली. पुस्तकातल्या केस स्टडी त्यांना परक्या वाटतात, म्हणून दाखवण्याजोग्या पाच-सहा डॉक्युमेंटरींची नावं हवीत.

नावं खाली येतीलच. त्याआधी एक सांगते. वाणिज्य आणि व्यवस्थापनाच्या मुलांना मी बरीच वर्षं माहितीपट दाखवत आले आहे, आणि इतरांच्या वर्गात मागच्या बाकावर बसून पाहतही आले आहे. बहुतेक ठिकाणी एकच प्रकार होतो. दिवे बंद होतात, दीड तास माहितीपट चालतो, मुलं हळहळतात, 'मॅडम, कंपन्या किती नालायक असतात हो' म्हणतात, आणि बेल होते. नालायक कोण यावर वर्गाचं एकमत झालं की पुढे बोलायला काही उरत नाही. म्हणून तुमचा प्रश्न मी जरा वळवून घेते: माहितीपट पाहून झाल्यावर मुलांना काय करता यायला हवं? ही मुलं उद्या कुणाच्या तरी अकाउंट्समध्ये, बँकेत, सी.ए.च्या ऑफिसात बसणार आहेत. तिथे कुणीतरी त्यांना सांगणार आहे, 'हे बिल मागच्या तारखेचं करून टाक.' त्या वेळी उपयोगी पडेल असं काही त्यांच्या हाती लागेल का, यावर माझी निवड ठरते.

त्यातूनच पहिली कसोटी निघाली. पडद्यावर कुणीतरी निर्णय घेताना दिसलं पाहिजे, आणि त्या वेळी त्याच्यापुढे दुसरा मार्ग खरोखर खुला असला पाहिजे. नुसते परिणाम दाखवणारे माहितीपट पुष्कळ आहेत: काळी पडलेली नदी, बंद पडलेला कारखाना, उजाड गाव. ते खोटे नसतात. पण त्यातून दया येते, प्रश्न पडत नाही. दुसरी कसोटी म्हणजे विरुद्ध बाजूचा माणूस स्वतःच्या तोंडाने, सलग बोललेला असावा. तिसरी अशी की त्याच घटनेचं माहितीपटाबाहेरचं एखादं कागदपत्र मला मिळालं पाहिजे. चौकशी अहवाल, करार, कोर्टाचा निकाल, काहीही. माहितीपट हा साक्षीदार आहे. साक्षीदार प्रामाणिक असला तरी त्याची उलटतपासणी होते, आणि ती करायला दुसरा पुरावा हाताशी लागतो.

आता परिस्थितीवर अवलंबून असलेल्या गोष्टी. जोड तास मिळत असेल तर एखादा माहितीपट पूर्ण दाखवता येतो; नसेल तर तुकड्यांवर भागवावं लागतं, आणि माझ्या मते बी.कॉम.ला तुकडेच बरे. मुलांना इंग्रजी सबटायटल्स वाचायचा सराव नसेल तर भरभर बोलणारा, निवेदनाने भरलेला माहितीपट फुकट जातो. वर्गात शेतकरी घरातली मुलं जास्त आहेत की एमआयडीसीत कामाला जाणाऱ्यांची, यावरही पुष्कळ ठरतं. तुमचं कॉलेज तालुक्याच्या गावी आहे एवढंच तुम्ही लिहिलंय, तेव्हा खालच्या निवडीत थोडा फरक तुम्हालाच करावा लागेल.

एथिक्ससाठी मी सुरुवात करते 'एन्रॉन: द स्मार्टेस्ट गाइज इन द रूम'पासून. ॲलेक्स गिब्नी यांचा हा २००५चा माहितीपट बेथनी मॅक्लीन आणि पीटर एल्किंड यांच्या पुस्तकावर आधारलेला आहे. ह्यूस्टनची ही ऊर्जा कंपनी डिसेंबर २००१मध्ये दिवाळखोरीत गेली. आपल्याकडे एन्रॉन म्हटलं की तिचा दाभोळ वीजप्रकल्प आणि त्याभोवतीची गुहागर, अंजनवेल, वेलदूर ही गावं आठवतात. १९९५च्या निवडणुकीत एन्रॉन अरबी समुद्रात बुडवण्याची भाषा झाली होती, ती मुलांच्या आईवडिलांना आजही आठवते. माहितीपटात मात्र दाभोळचा उल्लेख थोडकाच येतो. मला ते सोयीचं वाटतं. मुख्यालयात काय चाललं होतं ते पडद्यावर दिसतं, आणि आपल्या दारात काय घडलं ते मुलं स्वतः शोधून आणतात.

यातला हिशेबाचा भाग बी.कॉम.च्या मुलांना चांगला जमतो, तो सोडू नका. एन्रॉनला १९९२मध्ये अमेरिकेच्या एसईसीकडून (शेअरबाजारावर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) 'मार्क टू मार्केट' पद्धत वापरायची परवानगी मिळाली. तिथे माहितीपट थांबवा आणि फळ्यावर जर्नल एन्ट्री करायला लावा. समजा वीस वर्षं वीज पुरवायचा करार झाला आणि सगळ्या वर्षांचा मिळून अंदाजे नफा शंभर कोटी धरला. तो सगळा आजच नफ्यात घ्यायचा, पैसा एकही आलेला नसताना. मग विचारा, पुढच्या वर्षी नफा कुठून दाखवणार? मागच्या बाकावरून उत्तर येतं: 'नवा करार करावा लागेल सर, याच्याहून मोठा.' आणि त्याच्या पुढच्या वर्षी? एन्रॉन कशी बुडाली हे त्या वर्गाला पुढे वेगळं सांगावं लागत नाही. लोभ वगैरे शब्द न वापरता मुलं तिथवर पोचतात.

दुसरा थांबा आचारसंहितेचा. एन्रॉनची छापील आचारसंहिता ६४ पानांची होती. आदर, सचोटी, संवाद आणि उत्कृष्टता ही कंपनीची जाहीर मूल्यं. सीएफओ, म्हणजे वित्तप्रमुख, अँड्र्यू फास्टो यांना स्वतः चालवत असलेल्या भागीदारी संस्थांमार्फत एन्रॉनशीच व्यवहार करायचे होते. हा हितसंबंधांचा उघड संघर्ष होता आणि आचारसंहितेत बसत नव्हता. १९९९मध्ये संचालक मंडळाने त्यांच्यासाठी ती आचारसंहिता बाजूला ठेवली. चोरून काही झालं नाही, रीतसर मंडळापुढे विषय आला आणि मंजूर झाला. वर्गात मी मुलांचे गट करते, प्रत्येक गट म्हणजे संचालक मंडळ, आणि त्यांच्या हाती एका पानाची टिपण देते: प्रस्ताव काय आहे, त्याने व्यवहार लवकर होतील असं व्यवस्थापन म्हणतं, ऑडिटर आर्थर अँडरसनची हरकत नाही, वकिलांची हरकत नाही, शेअरचा भाव चढता आहे. मतदान करा. पहिल्या फेरीत सगळे छातीठोकपणे 'नामंजूर' म्हणतात, कारण गोष्टीचा शेवट त्यांना ठाऊक असतो. मग मी विचारते, ऑडिटर आणि वकील दोघंही हो म्हणतायत, तुम्ही कशाच्या जोरावर नाही म्हणता? नेमका कोणता कागद मागाल? आता खरा तास सुरू होतो. कुणीतरी विचारतं की फास्टोंना यातून किती पैसे मिळणार ते टिपणीत का नाही. कुणीतरी विचारतं, ऑडिटरला कंपनी किती फी देते. तेव्हा मी आकडा सांगते: २००० साली अँडरसनला एन्रॉनकडून सुमारे ५.२ कोटी डॉलर मिळाले, त्यातले २.५ कोटी ऑडिटचे आणि २.७ कोटी इतर कामांचे. ज्याचं मीठ खायचं त्याचेच हिशेब तपासायचे, ही अडचण मुलांना त्या दोन आकड्यांत दिसते. कंपन्यांच्या हिशेबांवरचा अमेरिकेचा २००२चा सार्बेन्स-ऑक्स्ली कायदा, आपल्याकडचं २००९चं सत्यम कंपनीच्या खोट्या हिशेबांचं प्रकरण आणि २०१३च्या कंपनी कायद्यातली ऑडिटर बदलण्याची सक्ती, हे तिन्ही याच धाग्याला जोडता येतात.

आणि मग दाभोळ. इथे तुमचे दोन्ही पेपर एकत्र येतात. महाराष्ट्र राज्य वीज मंडळाने डिसेंबर १९९३मध्ये दाभोळ पॉवर कंपनीशी वीजखरेदी करार केला. त्याच वर्षी जागतिक बँकेने हा प्रकल्प आर्थिकदृष्ट्या परवडणारा नाही म्हणून कर्ज नाकारलं होतं. दराचा मोठा भाग डॉलरशी बांधलेला, वीज उचला न उचला क्षमतेपोटी पैसे द्यायचेच, वर राज्य सरकारची हमी आणि केंद्राची प्रतिहमी. १९९५मध्ये नव्या सरकारने करार रद्द केला, १९९६मध्ये फेरवाटाघाटी होऊन प्रकल्प पुन्हा उभा राहिला, १९९९मध्ये वीज सुरू झाली आणि २००१मध्ये मंडळाने ती घेणं थांबवलं. या प्रकल्पाची तपासणी करणाऱ्या माधव गोडबोले समितीचा अहवाल त्याच वर्षीचा. पुण्याच्या 'प्रयास' या अभ्यासगटाने कराराचं केलेलं विश्लेषण १९९५मध्ये 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त आलं होतं. विरोध करणाऱ्या गावकऱ्यांवरच्या दडपशाहीबद्दल ह्यूमन राइट्स वॉचचा अहवाल १९९९चा आहे. मुलांना एकच प्रश्न द्या: रुपया घसरला तर तोटा कुणाचा? विनिमय दराची जोखीम करारातल्या एका ओळीने कशी एका खिशातून दुसऱ्या खिशात जाते, हे यापेक्षा जवळच्या उदाहरणातून मला कधी शिकवता आलेलं नाही. त्याच वेळी दुसरी बाजूही मांडायला लावा. राज्यात विजेचा तुटवडा होता, सरकारजवळ पैसा नव्हता, १९९१नंतर परदेशी भांडवल हवं होतं. करारावर सही करणाऱ्याच्या खुर्चीतून काय दिसत होतं, हे मांडल्याशिवाय मी त्या गटाला मार्क देत नाही.

दुसरा माहितीपट, आणि एकच पूर्ण दाखवायचा झाला तर माझी निवड हीच: 'अमेरिकन फॅक्टरी', २०१९. ज्युलिया रायकर्ट आणि स्टीव्हन बोगनर यांचा. ऑस्कर मिळालं म्हणून नव्हे, तर वर सांगितलेली दुसरी कसोटी याच्याइतकी क्वचितच कुणी पार करतं. ओहायोतल्या डेटनजवळ मोरेन इथला जनरल मोटर्सचा कारखाना डिसेंबर २००८मध्ये बंद झाला. त्याच जागेत फुयाओ या चिनी कंपनीने मोटारीच्या काचांचा कारखाना उघडला. निवेदक नाही. कामगार बोलतात, चिनी सुपरवायझर बोलतात, आणि अध्यक्ष त्साओ दवांग यांनी दिग्दर्शकांना चक्क बैठकीतही कॅमेरा नेऊ दिलाय. खलनायक शोधत बसलेल्या मुलाची इथे पंचाईत होते. अध्यक्ष कामगार संघटनेला कडाडून विरोध करतात, आणि तेच पुढे एकटे बसून, मी काही चांगलं केलं की पाप केलं, असं बोलतात.

जागतिक अर्थकारणाच्या पेपरला हा माहितीपट एक ठाम समज मोडायला मदत करतो. मुलांच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं की कारखाने श्रीमंत देशातून गरीब देशात जातात, कारण मजुरी स्वस्त. मग चिनी कंपनी अमेरिकेत का आली? मुलांना दहा मिनिटं झगडू द्या. काच जड असते, वाटेत फुटते, गिऱ्हाईक म्हणजे मोटारींचे कारखाने आसपासच आहेत. वाहतूक, बाजारपेठेची जवळीक, बंद कारखान्याची तयार जागा, हे सगळं मजुरीच्या पारड्यासमोर ठेवून पाहावं लागतं. मजुरीचं काय झालं तेही माहितीपटातच आहे. एक कामगार बाई सांगते की जनरल मोटर्समध्ये तिला तासाला २९ डॉलरच्या वर मिळायचे, इथे १२.८४ मिळतात. तिथे थांबा. मुलांना विचारा, नोकरी आली हे बरं झालं की वाईट? 'काहीच नव्हतं त्यापेक्षा बरं' आणि 'निम्म्याहून कमी' ही दोन्ही उत्तरं एकाच वर्गातून, बहुधा एकाच बाकावरून येतात.

युनियन हवी की नको याच्या मतदानाच्या आधी मी माहितीपट बंद करते आणि वर्गातच चिठ्ठ्यांवर गुप्त मतदान घेते. चिठ्ठीवर एका ओळीत कारण लिहायचं, नाव नाही. ज्या मुलांचे भाऊ चाकणला किंवा वाळूजला कंत्राटी म्हणून लागलेत, त्यांच्या चिठ्ठ्या वेगळ्याच असतात. 'युनियन परमनंटवाल्यांची असते, आमची नाही' असं मी वाचलेलं आहे. मोठमोठ्या लेखांत न सापडणारी गोष्ट एका चिठ्ठीत येते, आणि वर्ग ती ऐकतो. मग निकाल दाखवायचा: ८६८ विरोधात, ४४४ बाजूने. पुढचं काम असं की प्रत्येकाने आपल्या विरुद्ध मत देणाऱ्याच्या वतीने अर्धं पान लिहायचं. याच दिग्दर्शकांनी मूळ कारखाना बंद होताना केलेला 'द लास्ट ट्रक' (२००९) साधारण चाळीस मिनिटांचा आहे. वेळ असेल तर तो आधी दाखवा.

जागतिक अर्थकारणासाठी तिसरा, 'लाइफ अँड डेट' (२००१), स्टेफनी ब्लॅक यांचा, जमैकावर. आंतरराष्ट्रीय नाणेनिधी, जागतिक बँक, कर्जाच्या अटी, आयात खुली होणं, फ्री झोनमधले (निर्यातीसाठी करसवलतीच्या क्षेत्रातले) शिवणकामाचे कारखाने, केळी. सगळं एका छोट्या बेटावर पाहायला मिळतं. माजी पंतप्रधान मायकल मॅन्ली यात बोलतात आणि नाणेनिधीचे स्टॅन्ली फिशरही बोलतात. यातला दुधाचा भाग आपल्या मुलांना थेट भिडतो. आयात दूध पावडर स्वस्त पडल्यावर तिथले गवळी दूध ओतून देतात. दुधाचा भाव पडल्यावर रस्त्यावर दूध ओतल्याचं आंदोलन आपल्या मुलांनी गावात पाहिलेलं असतं, काहींनी केलेलंही असतं.

पण हा माहितीपट नाणेनिधीविरुद्धची एक बाजू मांडतो, हे मुलांना आधी सांगा. सत्तरच्या दशकातली तेलाची भाववाढ, सरकारचा वाढलेला खर्च, कर्ज घ्यायची वेळ मुळात का आली, यावर त्यात फारसा वेळ दिलेला नाही. म्हणून त्याच्या शेजारी मी १९९१चा भारत ठेवते. जेमतेम दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरतं परकीय चलन, परदेशी गहाण गेलेलं सुमारे ४७ टन सोनं, जुलैमधलं रुपयाचं अवमूल्यन, आणि नाणेनिधीचंच कर्ज. एकाच संस्थेच्या दारात दोन देश गेले, पुढची वाट वेगळी का झाली? देशांतर्गत बाजारपेठेचा आकार, शेती-दुधाची आयात आपण किती रोखून धरली, १९७०पासूनच्या ऑपरेशन फ्लड या दूधविकास कार्यक्रमाने उभं केलेलं सहकारी जाळं, वाटाघाटीत किती वजन होतं, असे मुद्दे मुलं काढतात. नोव्हेंबर २०१९मध्ये भारत 'आरसेप' या आशिया-पॅसिफिक देशांच्या व्यापार करारातून बाहेर राहिला. न्यूझीलंडच्या दुधाची भीती हा तेव्हा मोठा मुद्दा होता. तिथपर्यंत चर्चा नेली की मुक्त व्यापाराच्या बाजूने बोलणारा गट मी मुद्दाम उभा करते. दूध विकत घेणाऱ्या शहरातल्या घराचं काय? हा प्रश्न शेतकऱ्याच्या मुलाने मांडायचा आणि शहरातल्या मुलाने उत्तर द्यायचं.

इथवरचं थोडक्यात: एन्रॉन तुकड्यांनी, दाभोळ कागदपत्रांनी, 'अमेरिकन फॅक्टरी' जमल्यास पूर्ण, 'लाइफ अँड डेट'मधला दुधाचा आणि फ्री झोनचा भाग १९९१च्या जोडीला. तुमच्या दोन पेपरांना एवढं पुरेसं आहे. बाकीचं पूरक समजा.

पूरकांत पहिला 'इनसाइड जॉब', चार्ल्स फर्ग्युसन, २०१०. २००८च्या आर्थिक संकटावर याच्याइतका सुसूत्र माहितीपट मिळणार नाही, पण सीडीओ, क्रेडिट डिफॉल्ट स्वॅप अशा कर्जांवर बेतलेल्या गुंतागुंतीच्या आर्थिक साधनांच्या वेगापुढे मराठी माध्यमातली मुलं धापा टाकतात. मी चौथा भाग, 'अकाउंटेबिलिटी', त्यातही अर्थशास्त्रज्ञांच्या मुलाखतीच दाखवते. फ्रेडरिक मिश्किन या नामवंत प्राध्यापकांनी २००६मध्ये आइसलँडच्या वित्तव्यवस्थेची भलामण करणारा अहवाल लिहिला होता आणि त्यासाठी तिथल्या चेंबर ऑफ कॉमर्सकडून १,२४,००० डॉलर घेतले होते. दोन वर्षांत आइसलँडच्या बँका कोसळल्या. त्याबद्दल विचारल्यावर त्यांची उडालेली तारांबळ काही मिनिटांची आहे. पण मुलांना हसू देऊ नका, लगेच पुढचा प्रश्न टाका: पैसे घेऊन अहवाल लिहिणं चूक, की पैसे घेतल्याचं न सांगणं चूक? अमेरिकन इकॉनॉमिक असोसिएशनने २०१२मध्ये हितसंबंध जाहीर करण्याचे नियम आणले, त्यामागे या माहितीपटानंतरची चर्चा होती. याच माहितीपटात अर्थतज्ज्ञ रघुराम राजन आहेत. २००५मध्ये जॅक्सन होल इथल्या मध्यवर्ती बँकांच्या परिषदेत त्यांनी वित्तव्यवस्थेतल्या वाढत्या जोखमीबद्दल दिलेला इशारा आणि त्यावर झालेली टीका ऐकवा. सगळे एका सुरात बोलत असताना वेगळं बोलण्याची किंमत काय असते, हाही एथिक्सचाच धडा आहे.

जवळचं हवं असेल तर आनंद पटवर्धन यांचा 'ऑक्युपेशन: मिल वर्कर' (१९९६) घ्या. वीस-बावीस मिनिटांचा, एका तासात चर्चेसह बसतो. मुंबईतल्या न्यू ग्रेट ईस्टर्न मिलचे कामगार बंद ठेवलेल्या गिरणीचा ताबा घेतात, एवढीच घटना. कायदा आणि न्याय यांत फरक पडला तर काय, हा प्रश्न त्यात आपोआप येतो. जोडीला गिरण्यांच्या जमिनीबाबतचा १९९१चा विकास नियंत्रण नियम ५८ आणि त्यात २००१मध्ये केलेला बदल वाचायला द्या. आधी सार्वजनिक जागेसाठी आणि घरांसाठी किती जमीन सुटणार होती आणि नंतर किती सुटली, हे कोष्टक मुलांकडून करून घ्या. राहुल जैन यांचा 'मशीन्स' (२०१६) गुजरातेतल्या कापड कारखान्यातला आहे. त्यात बोलणं कमी, यंत्रं आणि थकलेली माणसं जास्त. पूर्ण दाखवलात तर मुलं कंटाळतील. पण शेवटाकडे कामगार दिग्दर्शकालाच घेरून विचारतात की तुम्ही येता, बघता, निघून जाता, आमच्यासाठी काय करणार? तो प्रसंग दाखवा. पाहणाऱ्याची जबाबदारी काय, हा प्रश्न तिथे कामगारच विचारतात.

विदर्भातल्या शेतकरी आत्महत्यांवर दीपा भाटिया यांचा 'नीरोज गेस्ट्स' (२००९) आणि मिका पेलेड यांचा 'बिटर सीड्स' (२०११) हे दोन आहेत. पहिला पत्रकार पी. साईनाथ यांच्या कामाभोवती फिरतो, दुसरा बीटी कापसाभोवती. दोन्ही मला महत्त्वाचे वाटतात. पण वर्गात दाखवण्याआधी चौकशी करा. ज्या घरात ही घटना घडली आहे तिथला मुलगा किंवा मुलगी तुमच्या बाकावर बसलेली असू शकते, आणि ते तुम्हाला कुणी सांगितलेलं नसतं. मी आदल्या दिवशी विषय सांगते, कुणाला यायचं नसेल तर कारण न विचारता दुसरं काम देते, हजेरी लावते. चर्चेत आत्महत्येचं वर्णन नको, पतपुरवठा, भाव, पाणी, बियाण्याचा खर्च यांवर बोलायचं. बीटी कापूस आणि आत्महत्या यांचा थेट संबंध जोडण्यावर अभ्यासकांत मोठे मतभेद आहेत, तेही त्याच तासाला सांगायला हवं.

काय टाळता? ज्याची पद्धतच तपासाला टिकत नाही ते. 'सुपर साइझ मी' (२००४) अजून पुष्कळ ठिकाणी दाखवतात. एक माणूस महिनाभर एकाच ठिकाणचं खातो आणि त्याचं आरोग्य ढासळतं. पण एका माणसावरचा प्रयोग, तुलनेला दुसरा गट नाही, आणि दिग्दर्शक मॉर्गन स्परलॉक यांनी २०१७मध्ये आपल्या अनेक वर्षांच्या मद्यपानाबद्दल जाहीर लिहिलं, तेव्हा आधीच्या वैद्यकीय निष्कर्षांवर शंका उभी राहिली. पुरावा म्हणून तो दाखवू नका. संशोधन पद्धतीच्या तासाला, दोष शोधण्यासाठी, जरूर दाखवा. तसंच पैसा कुठून आला ते पाहा. 'पॉवर्टी, इन्क.' (२०१४) परदेशी मदतीवर चांगले प्रश्न विचारतो, पण तो मुक्त बाजारपेठेच्या बाजूच्या ॲक्टन इन्स्टिट्यूटच्या वर्तुळातून आलेला आहे. त्याने तो बाद होत नाही. 'लाइफ अँड डेट'समोर त्याला उभं केलं की दोघांचीही उलटतपासणी होते.

कायद्याचं तुम्ही विचारलं नाहीत, पण प्राचार्य विचारतील. १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२(१)मधल्या 'जे' उपखंडानुसार शिक्षणसंस्थेच्या कामाचा भाग म्हणून, प्रेक्षक फक्त शिक्षक, विद्यार्थी, त्यांचे पालक आणि संस्थेशी संबंधित लोक असतील, तर चित्रपट दाखवणं हे उल्लंघन ठरत नाही. बाहेरच्यांना बोलावलंत, तिकीट लावलंत, तर ती सवलत धरता येणार नाही. ओटीटीच्या अटी वेगळ्या असतात. नेटफ्लिक्स आपल्या काही माहितीपटांना एकदाच्या शैक्षणिक प्रदर्शनाची परवानगी देतं, तसं त्यांच्या मीडिया सेंटरवर त्या माहितीपटाच्या पानावर लिहिलेलं असतं. भारतीय माहितीपटांच्या बाबतीत दिग्दर्शकाला सरळ ईमेल करा. कॉलेजसाठी म्हटलं की बहुतेक जण आनंदाने देतात, आणि कधी ऑनलाइन चर्चेलाही येतात.

सबटायटल्सचा उपाय साधा आहे. दाखवायच्या तुकड्यातले महत्त्वाचे संवाद मराठीत करून एका पानावर आधीच वाटा, त्यातच पात्रांची नावं, कोण कुठल्या बाजूचं, आणि चार-पाच पारिभाषिक शब्द. पडद्याकडे बघत मुलांनी लिहीत बसू नये. तुकडा पंधरा मिनिटांपेक्षा मोठा नको, दिवे पूर्ण बंद नकोत, आणि तुकडा संपल्यावर पहिली तीन मिनिटं कुणीही बोलायचं नाही, प्रत्येकाने एक वाक्य लिहायचं: 'इथे निर्णय कुणाचा होता?' हे वाक्य लिहून झाल्याशिवाय चर्चा उघडली की दोन-चार बोलकी मुलं सगळा तास घेऊन जातात.

परीक्षेत मी माहितीपटाची गोष्ट विचारत नाही. एक कागद देते, दाभोळच्या करारातलं एखादं कलम किंवा संचालक मंडळापुढचं टिपण, आणि सांगते: यावर सही करायची की नाही ते ठरवा, सही करण्याआधी कोणते दोन प्रश्न कुणाला विचाराल ते लिहा, आणि तुमच्या निर्णयाने कुणाचं नुकसान होईल तेही लिहा. शेवटचा भाग कोरा सोडणाऱ्याला मी निम्मे मार्क देते.

पहिल्या सत्राला गिरणीचा छोटा माहितीपट आणि एन्रॉनचे दोन तुकडे एवढंच ठेवा, दुसऱ्या सत्रात 'अमेरिकन फॅक्टरी' आणि दुधाचा भाग. दाभोळसाठी लायब्ररीत १९९५ ते २००१ची मराठी वर्तमानपत्रं बांधून ठेवलेली असतील तर मुलांना तिकडेच पाठवा. संचालक मंडळाची एका पानाची टिपण माझ्याकडे मराठीत तयार आहे. हवी असेल तर कळवा, पाठवते.